भाड्याच्या खोलीतलं नववं गाणं

कानसेन हे नाव त्याला लॅबच्या मालकाने थट्टेत पाडलं होतं. मोटरच्या घरघरीत हा कानात गाणी खुपसून बसायचा, दहा हाका मारल्या तरी मान वर करायचा नाही. मालक एकदा वैतागून म्हणाला, "गाणारा तो तानसेन. आमच्याकडे हा कानसेन आहे, आमचं सोडून सगळ्या जगाचं ऐकतो." थट्टा थट्टेच्या जागी राहिली आणि यानं नाव उचललं. पुढे इंटरनेटवर नवं संगीत ऐकणाऱ्यांच्या एका पानावर तो लिहायला लागला, तेही याच नावाने.

लॅब दातांची होती. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि कानसेन त्यांवरून कवळ्या बनवायचा. हात बारीक, नजर त्याहून बारीक. दुसऱ्यांच्या तोंडात बसतील असे दात आणि दुसऱ्यांच्या तोंडी बसतील अशी वाक्यं, दोन्ही त्याला सारखीच छान जमत. पानावर शे-दोनशे लोक काहीबाही लिहायचे, पण कानसेनने काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय बऱ्याच जणांना स्वतःचं मत सापडायचं नाही. याची त्याला पुरेपूर कल्पना होती. बायकोसमोर तो म्हणायचा, "हो, वाचतात बिचारे," आणि जेवताना फोन ताटाशेजारी उताणा ठेवायचा.

'ओलं लाकूड' हा बँड त्याने शोधला होता. निदान तो तरी तसं सांगायचा. तीन तरुण माणसं. गिटार घेऊन गाणारा एक किडकिडीत गायक, चेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवणारी एक मुलगी, आणि लाकडी खोक्यावर बसून त्याच खोक्यावर ताल धरणारा तिसरा, ज्याला सगळे खोकेवालाच म्हणत. विजेवरचं एकही वाद्य न घेता ते रॉक वाजवायचे. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला एका तळघरात खुर्च्यांपेक्षा कमी माणसं होती आणि कानसेन त्यांतला एक होता. त्याने घरी येऊन भरभरून लिहिलं. लोकांनी वाचलं, ऐकलं, एकमेकांना पाठवलं. पहिला अल्बम 'बाल्कनीतली गाणी' निघाला तेव्हा आभारांच्या यादीत शेवटी छापलं होतं : कानसेन काका. ते पान त्याने लॅबमध्ये सगळ्यांना दाखवलं, साचे घेऊन येणाऱ्या माणसालासुद्धा.

दुसरा अल्बम यायला तीन वर्षं लागली. नाव 'भाड्याची खोली'. एकच खोली आणि तिच्यात एकामागून एक राहून गेलेली भाडेकरू माणसं; प्रत्येकाचं एक गाणं, अशी चौदा. सगळी एकमेकांत गुंतलेली, मध्ये थांबा नाही, मिळून तास-सव्वातासाचं काम. पहिल्या अल्बममधल्या सुटसुटीत प्रेमगाण्यांनंतर ही उडी मोठी होती. आतापर्यंतची सगळी पुंजी त्यांनी यात ओतली, असं लोक बोलत होते.

अल्बम आला तो कामाच्या दिवशी, भर दुपारी. कानसेनच्या टेबलावर संध्याकाळपर्यंत द्यायच्या कवळ्या मेणात उभ्या होत्या. शेजारी पॉलिशची मोटर किंचाळत होती. आणि पानावर एक केमिस्ट होता, जो प्रत्येक वेळी कानसेनच्या आधी मत टाकायच्या मागे असायचा. मागच्या दोन खेपांना त्याने टाकलंही होतं. ही सल कानसेनच्या मनात होती.

त्याने पहिलं गाणं ऐकलं. दुसरं निम्मं ऐकलं, तेवढ्यात मालकाने खांद्याला हात लावून एका वरच्या जबड्याबद्दल विचारलं. मग त्याने बाकीची गाणी बोटाने पुढे ढकलत ढकलत चाखली, भाताचं शीत दाबून बघावं तशी. नवव्यात तर शब्दच ऐकू आले नाहीत, नुसती कसलीशी टकटक. पडद्यावर अकरा मिनिटं दिसली आणि त्याने तेही पुढे ढकललं. मग चहाच्या सुट्टीत, बोटांना प्लास्टर तसंच असताना, त्याने लिहिलं :

"ही पोरं मोठी झाली नाहीत, फुगलीत. सांगायचंय तीन गाण्यांपुरतं आणि गाणी चौदा. नवव्याला तर मला चक्क घड्याळ बघावं लागलं."

केमिस्टच्या आधी पोचलं. कानसेनने समाधानाने हात धुतले.

तोवर पानावर हरतऱ्हेची मतं येत होती. कुणी लिहिलं होतं, पहिल्यासारखं नाही. कुणी लिहिलं, गाडी चालवताना ऐकू नका, डोळा लागतो. एका आईने लिहिलं होतं की बाळ तिसऱ्या गाण्याला झोपतं, चौथ्याला उठतं, तेव्हा चौथं जरा हळू वाजवायला काय झालं होतं. एका परिचारिकेने लिहिलं होतं, "मला फार आवडला. का ते सांगता येत नाहीये." पण संध्याकाळपर्यंत 'फुगलीत' हा एकच शब्द इकडून तिकडे फिरू लागला. ज्यांनी अल्बम ऐकला त्यांनी तो वापरला. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी जास्त वापरला. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने आपल्या छोट्याशा परीक्षणाला तोच शब्द मथळा म्हणून दिला. आणि त्या परिचारिकेने आपल्याच मताखाली लिहिलं, "कानसेन म्हणतात म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल. मला संगीतातलं तसं कळत नाही."

ते वाचून कानसेनला जरासं कसंतरी झालं. पण जरासंच. तो स्वतःशी म्हणाला, सवडीने नीट ऐकू. मग सवड होईना. खरं सांगायचं तर सवड होती. मत दिल्यानंतर ऐकायची भीती वाटत होती.

आठवड्याने चेलोवालीचा निरोप आला. तिने लिहिलं होतं, "काका, तुमचं मत वाचून दोन दिवस झोप नाही आली. पण तुम्ही आमचं वाईट चिंतणार नाही हे माहीत आहे. पुढच्या शनिवारी अल्बम पहिल्यांदा लोकांसमोर वाजवतोय. त्याआधी एकदा सरावाला याल का? काय फुगलंय ते समोर बसून सांगा. आम्ही छाटू."

त्याने निरोप बायकोला दाखवला. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का' विचारून तिला फारसं बोलायची हौस उरलेली नसे. तिने वाचलं आणि म्हणाली, "जा की. मोठा मान आहे." त्यालाही तसंच वाटलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला.

सरावाची खोली टायरच्या दुकानावर होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या आणि रबराचा वास जिन्यातून वर येत होता. तिघांनी त्याला एकुलती एक पाठ असलेली खुर्ची दिली. चेलोवालीने त्याच्यासमोर कागद-पेन्सिल घेऊन बैठक मारली.

"आम्ही चर्चा करून थकलो काका," गायक म्हणाला. त्याचे डोळे ओढलेले दिसत होते. "याचं एक, माझं एक, हिचं तिसरंच. बाहेरच्या कानाची गरज आहे. तुमच्याइतकं आमचं कुणी ऐकलेलं नाही."

"मी आपला सामान्य श्रोता," कानसेन म्हणाला. हे वाक्य त्याने याआधीही पुष्कळदा वापरलं होतं.

"पाचव्यातून सहाव्यात जातो तिथे तुम्हाला खटकलं का? मला खटकतं."

"हो, तिथे जरा..." त्याने हात हलवला, "...सांधा दिसतो."

चेलोवालीने लिहून घेतलं : सांधा.

"आणि बाराव्यात म्हातारी परत येते, तो सूर पहिल्या गाण्यातलाच आहे, उलटा. ते पोचलं?"

"पोचलं. पण उशिरा पोचलं."

तेही लिहिलं गेलं. असं बराच वेळ चाललं. डॉक्टरने चुकीचा साचा पाठवला की त्यावर बसवलेला प्रत्येक दात चुकतो, हे त्याच्या रोजच्या कामातलं. इथे तो एकेक दात बसवत होता आणि ती तिघं विश्वासाने तोंड उघडून बसली होती. एकदा त्याच्या अगदी जिभेवर आलं की मुलांनो, मी ऐकलेला नाही. पण पाठ असलेली खुर्ची, कागदावरची ती वळणदार अक्षरं, आणि खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं त्याचा आवाज. वाक्य गिळलं गेलं.

"मग नववं," गायक म्हणाला आणि थांबला. त्याने खोकेवाल्याकडे पाहिलं.

कोपऱ्यात बसून खोकेवाला एक वायर कोपराभोवती गुंडाळत होता. गुंडाळून झाली की सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

"नवव्याला तुम्ही घड्याळ बघितलंत," चेलोवाली म्हणाली. "म्हणजे लांबलंच आहे ना? मनापासून सांगा. काढलं तर कार्यक्रम आटोपशीर होतो. याचं म्हणणं ठेवायचं," तिने गायकाकडे बोट केलं, "माझं तळ्यात-मळ्यात."

तिघंही त्याच्याकडे बघत होती. आता माघार घेतली तर आधीचं सगळंच उसवलं असतं.

"काढा," कानसेन म्हणाला. "कधीकधी जे आपल्याला सगळ्यात प्रिय, तेच काढावं लागतं."

वायर गुंडाळायची थांबली. "बरोबर आहे," खोकेवाला म्हणाला. "मलाही वाटतच होतं. लांबलंय."

जिना उतरताना चेलोवाली त्याला सोडायला आली. "बरं झालं तुम्ही बोललात," ती हळूच म्हणाली. "नववं त्याचं आहे. आजवर त्याने स्वतः रचलेलं तेवढं एकच. माझ्याच्याने त्याला सांगवत नव्हतं."

घरी बायको भाजी चिरत होती. तिने विचारलं, "काय काय सांगितलंत?" त्याने सांगितलं. नवव्यापाशी तिची सुरी थांबली.

"नववं काढायला सांगितलंत?"

"लांबलंय ते."

"मला पहिल्यांदा तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा बसमधून उतरायचं विसरले. दोन थांबे मागे चालत आले."

"तू कधी ऐकलास?"

"रोज जाता-येता. तुमच्या मुलांचा अल्बम म्हणून लावला." तिने चिरलेली भाजी भांड्यात लोटली. "तुम्ही कधी ऐकलात हो? घरी तर ऐकताना दिसला नाहीत. लॅबमध्ये मोटर चालू असते म्हणता."

त्याने भाजीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. ती इतक्या वर्षांची बायको होती. त्याने न सांगताच तिला उत्तर मिळालं होतं, आणि मिळालंय हे त्यालाही कळलं. तिने फक्त मान खाली घालून पुन्हा सुरी उचलली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला त्या दिवशी फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. चांगले हेडफोन मुलीच्या खोलीत होते. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेल्याला वर्ष होत आलं होतं. खोलीत तिचं टेबल, भिंतीवर चिकटपट्ट्यांचे डाग, आणि नुसती गादी घातलेला पलंग. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि अल्बम पहिल्यापासून लावला.

सगळंच काही चांगलं नव्हतं. चौथं गाणं खरोखरच वाईट होतं. सहाव्यात गायकाला आपल्या आवाजाचं प्रेम आवरलं नव्हतं. म्हणजे 'फुगलीत' हे अगदीच खोटंही नव्हतं, आणि हेच त्याला जास्त लागलं. डोळे मिटून मारलेला दगड एखाद-दुसऱ्या ठिकाणी बसला होता, एवढंच. पण पाचव्यातून सहाव्यात जाताना सांधा कुठेच दिसत नव्हता. म्हातारी बाराव्यात परत आली ती अगदी वेळेवर आली.

आणि नववं. आठव्या गाण्यातलं जोडपं भांडून खोली सोडून जातं, दार ओढल्याचा आवाज येतो, आणि मग खोलीत कुणीच नसतं. नववं गाणं म्हणजे ती रिकामी खोली. शब्द नाहीत. लाकडावर बोटांचा आवाज, कुठे नळ गळावा तसा. चेलोची एकच तार, इतकी हळू की कान पुढे करावा लागे. मध्येच शेजारच्या घरातली पावलं, जिन्यापर्यंत येऊन परत जाणारी. खोली कुणाचीतरी वाट बघते आहे हे हळूहळू समजत जातं. कुणी येत नाही. अकरा मिनिटं कुणी येत नाही, आणि मग दहाव्या गाण्याच्या पहिल्या ओळीला कुलूप उघडतं, तेव्हा कानसेनने चमकून मुलीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

ते संपल्यावरही तो तसाच बसून राहिला. भिंतीवरच्या चिकटपट्टीच्या डागांकडे बघत. कान कधी नव्हे ते गरम झाले होते.

आता माणूस चुकला की लगेच सरळ वागतो असं नाही. आधी तो सोयीस्कर वागून बघतो. कानसेनने चेलोवालीला लिहिलं, "पुन्हा ऐकल्यावर माझं मत बदललं. नववं ठेवा." 'पुन्हा' हा शब्द लिहिताना बोट अडखळलं, पण लिहिला.

उत्तर आलं, "काका, तुमचा चांगुलपणा कळतोय. नववं त्याचं आहे हे कळलं म्हणून तुम्हाला वाईट वाटलं असणार. चूक माझीच, मीच बोलले. पण तुमचं पहिलं ऐकणंच खरं होतं. तोही तेच म्हणतो. सगळं नव्याने बसवलंय."

पहिलं ऐकणं. त्याने फोन पालथा घातला. त्या आठवड्यात त्याने एका कवळीचे दात दोनदा चुकीचे बसवले. मालकाने डोळे वटारले तेव्हा तो म्हणाला, "लक्ष नाही माझं," आणि मालकाला हे इतकं नवीन होतं की तो रागवायचंच विसरला.

शनिवारी तो कार्यक्रमाच्या बराच आधी सभागृहात पोचला. बायकोही सोबत आली होती, ती म्हणाली, "मी बाहेर बाकावर बसते. तुम्ही जाऊन या." रंगमंचामागच्या खोलीत तिघं होती. गायक गिटारच्या तारा लावत होता, चेलोवाली बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होती, खोकेवाला आपल्या खोक्याचे स्क्रू आवळत होता.

"काका, बसा ना," चेलोवाली म्हणाली.

तो उभाच राहिला. "मला एक सांगायचंय. मी लिहिलं तेव्हा अल्बम ऐकला नव्हता. दीड गाणं ऐकलं होतं. सरावाला आलो तेव्हाही ऐकला नव्हता. तुम्ही विचारत गेलात, मी ठोकून देत गेलो."

गायकाच्या गिटारची खुंटी अर्धवट फिरलेली राहिली.

"सांधा म्हणालात," चेलोवाली म्हणाली. "पाचव्या-सहाव्याचा. आम्ही चार दिवस तेवढंच घासत होतो."

"सांधा नाहीये तिथे."

"मग आता कशाला सांगताय?" गायक म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तासाभरात स्टेजवर जायचंय आम्हाला. आता सांगून तुमचं मन हलकं झालं. आमचं काय?"

कानसेन खोकेवाल्याकडे वळला. "नववं मी रविवारी ऐकलं. पहिल्यांदाच. ते काढायला नको होतं."

खोकेवाल्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्ही ऐकलंच नव्हतं, हे कळून मला बरं वाटायला पाहिजे," तो म्हणाला. "पण वाटत नाही. तुम्ही म्हणालात ते मी आधीपासूनच स्वतःला म्हणत होतो. आता तुम्ही चांगलं म्हणताय, तर ते खरं मानायला धीर होत नाही. तुमचं आता काहीच धरता येत नाही ना काका."

तो हे रागाने बोलला नाही, नवल वाटल्यासारखं बोलला. कानसेनने मान हलवली. माफ करा म्हणावंसं वाटलं. म्हणालाही, पण ते इतकं हळू की बाहेरच्या खुर्च्यांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं की नाही देव जाणे.

कार्यक्रम त्याने मागच्या रांगेतून पाहिला. मुलं जीव तोडून वाजवत होती. आठवं संपलं, दार ओढलं गेलं, आणि लगेच दहाव्याचं कुलूप उघडलं. खोली क्षणभरही रिकामी राहिली नाही. सभागृहात कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या बायकोने अंधारात मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

त्याच आठवड्यात त्याने पानावर सगळं खरं लिहिलं. किती ऐकलं होतं, कधी लिहिलं, कुणाच्या आधी पोचायचं होतं. काहींना ती गंमत वाटली. काहींनी कान उपटले. केमिस्टने लिहिलं, "मीसुद्धा सगळी गाणी ऐकूनच लिहितो असं नाही," आणि त्याबद्दल त्यालाच लोकांनी फैलावर घेतलं. परिचारिकेला कानसेनने वेगळं लिहिलं की तुमचं काहीच चुकलं नव्हतं. तिने उत्तर दिलं, "बरं. पण तेव्हापासून मी तो लावलाच नाही. आता लावला की तुमचाच शब्द आठवतो." पानावर लिहिणं त्याने बंद केलं. बँडकडून पुन्हा कुठला निरोप आला नाही, आणि त्याने अपेक्षाही ठेवली नाही. खोकेवाला पुढे नववं वाजवू लागला की नाही, हे विचारायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटे.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी तो बसथांब्यावर उभा होता. शेजारी कॉलेजातली दोन मुलं एकाच फोनमध्ये डोकं घालून काय ऐकायचं ते ठरवत होती.

"हा लाव ना, 'भाड्याची खोली'."

"नको रे. फुगलेला आहे तो. पहिला चांगला होता."

"ऐकलायस का?"

"सगळे म्हणतात."

कानसेनने खाकरून घसा साफ केला. "तसं नाहीये ते," तो म्हणाला. "ते वाक्य ज्याने लिहिलं त्याने अल्बम ऐकलाच नव्हता."

दोघांनी मान वर केली. "तुम्हाला काय माहीत, काका?"

"मीच लिहिलं होतं."

मुलांनी त्याच्याकडे पाहिलं. टक्कल, जेवणाचा डबा, बाहीवर प्लास्टरचा पांढरा डाग. मग एकमेकांकडे पाहिलं. एकाने हसू दाबलं, दुसऱ्याने नम्रपणे "बरं बरं" म्हटलं, आणि दोघं थांब्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. बस यायला अजून वेळ होता. कानसेन जिथे होता तिथेच, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.